शेवंतीचा खिळा

मार्गशीर्षातली ती सकाळ रुपेरी होती. सायवेळ गावच्या खाडीवर धुके उतरले होते. धुक्याखाली पाणी निजले होते. पाण्यात आभाळ निजले होते. कांदळवनाच्या काळ्या मुळ्यांवर ओहोटीने आपली ओली रेघ ओढून ठेवली होती, आणि त्या रेघेवर बगळे उभे होते; पांढरे, मुके, विझवायचे विसरलेल्या दिव्यांसारखे.

त्या धुक्यातून एक मचवा आला. त्याचे शीड अर्ध्यावर बांधलेले होते.

सायवेळमध्ये अर्ध्या शिडाचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. पुरे शीड म्हणजे मासळी आली, माल आला, माणसे आली. अर्धे शीड म्हणजे ज्यांची वाट पाहता, ते येत नाहीत. किनाऱ्यावर जाळी विणणारे हात थांबले. मिठागरातली फावडी थांबली. माडाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवाखाली नागो सुताराचा रंधाही थांबला, फळीच्या बरोबर मध्यावर.

मचव्यातून दाऊद तांडेल उतरला. आरमाराची शेवंती नावाची गुराब, म्हणजे लढाऊ नौका, तिच्या पहिल्याच सफरीवर त्याने हाकली होती. आज तो दुसऱ्याच्या मचव्यातून, दुसऱ्याचे धोतर गुंडाळून आला होता. गुडघाभर चिखल तुडवत तो सरळ मांडवाशी आला.

"नागोदादा, शेवंती गेली."

नागोने विचारले, "माणसं?"

"निम्मी आली. निम्मी तिच्यापाशी राहिली." दाऊदने मान वळवली. "या अंगाला ये. डावा कान तोफेनं नेला. उजवा बायकोच्या शिव्या ऐकायला ठेवलाय."

कोणी हसले नाही. दाऊदही नाही.

"टोपीकरांचा गोळा पाण्याखाली लागला. खडपाच्या अलीकडं, वाळूवर बसली ती. बुडाली म्हणू नको, नागोदादा. दमलेलं माणूस बसतं ना, तशी बसली."

नागोने रंधा पुन्हा उचलला आणि उरलेली अर्धी फळी गुळगुळीत करून पुरी केली. मग फळीवरचा भुसा हाताने झाडला. मग तो घरी गेला.

*

शेवंती दोन डोलकाठ्यांची होती. उथळ तळाची, पुढची नाळ टोकदार असलेली, वाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने अंग झाडून उठणारी. आरमाराच्या कोटातल्या कारभाऱ्यांनी तिला रणभैरवी असे भारदस्त नाव दिले होते. ते नाव कोटातच राहिले. सायवेळच्या तोंडी ती शेवंतीच, कारण नागोने तिच्या नाळेवर शेवंतीचे फूल कोरले होते; आणि ते फूल चिमाच्या विहिरीकाठचे होते.

चिमा म्हणजे नागोची बायको. नागो फळ्या जोडी, चिमा सांधे भरी. मांडीवर कापूस वळून ती त्याचे लांब पीळ करी, घट्ट, एकसारखे, वेणीसारखे; ते राळेत आणि तेलात भिजवी; आणि फळीफळीच्या फटीत ठोकून बसवी. सायवेळची म्हातारी माणसे म्हणत, नौका उभी करतो सुतार, पण तिला तरंगती ठेवते सुताराची बायको.

शेवंतीचे सांधे भरता भरता चिमाला ताप आला. तापातही ती वळत राहिली. अंगाला कढ, डोळ्यांत लाली, बोटांत पांढरा कापूस. "पुरे झालं," नागो म्हणे. "सांधे भरले सगळे." ती म्हणे, "असू दे. दर्या कुठं पुरे म्हणतो?" टोपली भरली आणि वर शीग आली, तरी ती वळत राहिली.

सायवेळच्या सुतारांची एक जुनी रीत आहे. नवी नौका पाण्यात लोटताना ते एक खिळा मारत नाहीत. नाळेच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या पुष्कळ वर, त्या खिळ्याचे भोक तेवढे पाडून ठेवतात. खिळा घरी राहतो. सुताराची बायको त्याला हळदीचा दोरा बांधते आणि देव्हाऱ्यात ठेवते. नौका पहिली सफर करून परतली की बायका तिला ओवाळतात, सुतार पाण्यात शिरून तिच्यावर चढतो, आणि तो खिळा तिथे ठोकतो. पुरे झालेले काम परत येत नाही, असे सायवेळचे लोक मानतात. अपुरे राहिले तर ते घराकडे ओढ घेते.

शेवंतीच्या खिळ्याला चिमाने दोरा बांधला तो अंथरुणावर. दोरा तीन वेळा सुटला, तिने चौथ्यांदा बांधला.

"शेवंती आली की मार," ती म्हणाली.

"तूच दे माझ्या हातात त्या दिवशी."

"मी नसले तरी खिळा हाय. घरात वाट बघणारं कुणीतरी पायजे."

भाद्रपदात चिमा गेली. आश्विनात शेवंती पाण्यात गेली. नौकेची ओटी चिमाची धाकटी बहीण भागी हिने भरली. बायका गात होत्या, ढोल वाजत होता, आणि नागो नाळेच्या आतल्या अंगाला उभा राहून त्या रिकाम्या भोकाकडे पाहत होता.

*

खडपाच्या, त्या बुडीत खडकाच्या, अलीकडे पाणी फार खोल नव्हते. डोंगराच्या सोंडेवर चढले की ओहोटीच्या वेळी शेवंतीच्या मोठ्या डोलकाठीचे टोक दिसे. निळ्या पाण्यावर एक काळी काडी. भरती आली की नाहीशी होई, ओहोटी लागली की उगवे. पाण्याखाली कोणी बोट वर करून उभे आहे, आणि मी इथे आहे म्हणते आहे.

नागो रोज सोंडेवर चढे. रोज ते बोट पाही. रोज उतरे, आणि काथ्याचा दोर वळायला बसे.

चुलीत लाकूड असे, पण चूल पेटलेली असेच असे नाही. भागी भाकरी आणून ठेवी आणि बोलत राही. "भावजी, ताई गेली तेव्हा रडला नाहीत. आता दोर वळता. माणसानं आधी रडावं, मग दोर वळावा." नागो भाकरी खाई. दोर लांबत जाई. अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात, पिवळा, खरबरीत, नारळाच्या शेंडीचा अजगर.

दाऊद एकदा तो दोर ओलांडून आत आला.

"हा काय दर्याला जानवं घालायचा बेत?"

"तिला वर काढीन."

"टोपीकर राखण करतात तिकडं. कोटातनं कुणी गलबत देणार नाय."

"न देवोत."

"मग एकटा खेचणार? पाण्यातला हत्ती तो."

नागोने दोराला पीळ दिला, तळहातावर ओढून पाहिला. "खिळा मारायचा हाय, दाऊद."

दाऊद दोराशी बसला. मग आपल्या चांगल्या कानामागची विडी काढून परत ठेवत म्हणाला, "दुसरं टोक दे इकडं. तुझा पीळ सैल पडतो."

*

माघात एके दिवशी ते बोट दिसले नाही.

ओहोटी होती. पाणी उतरले होते. खडप उघडे पडले होते आणि त्यावर कालवे चमकत होती. पण निळ्यावर काळी काडी नव्हती.

लांबवर मासे धरायला गेलेल्या कोळ्यांनी सांगितले : दोन थोरली जहाजे आली होती. शेवंतीच्या दोन अंगांना दोन्ही उभी राहिली. ओहोटीला त्यांनी तिच्या पोटाखालून दोर घातले, ताणून बांधले, आणि मग काही केले नाही, नुसती थांबली. भरती आली. जहाजे चढली, जहाजांबरोबर दोर चढले, दोरांबरोबर शेवंती चढली. समुद्रानेच तिला उचलले. त्यांनी फक्त दोर धरले.

"जहाजं कुणाची?" नागोने विचारले.

"निशाण नव्हतं. पण आपलीच असतील. परक्याची बुडालेली नौका कोण कशाला काढील?"

आपलीच असतील. हे दोन शब्द मिठागरातून मांडवात गेले, मांडवातून देवळात गेले. गुरवाने ढोलाचे कातडे उन्हात तापवले. बायकांनी आरतीची तबके चिंचेने घासली. माणसाला हवे ते दिसू लागले की डोळे बाकीचे पाहत नाहीत. नागोने कितीतरी महिन्यांनी दाढी केली. देव्हाऱ्यातला खिळा काढून त्याने तेलाने पुसला आणि पुन्हा ठेवला.

*

फाल्गुनातल्या दुपारी, खारा वारा सुटला असताना, शेवंती आली.

सोंडेला वळसा घालून आली. दोन्ही शिडे फुगलेली, पाणी दुभंगत, फेसाच्या दोन शुभ्र ओळी मागे ठेवत आली. डोलकाठीवर भगवे निशाण होते. नाळेवर फूल होते. हो, फूल होते. तेच, नागोच्या पटाशीने पाकळी पाकळी उमललेले.

सगळे सायवेळ किनाऱ्यावर धावले. बायका तबके घेऊन पाण्याच्या काठाशी ओळीने उभ्या राहिल्या. वाऱ्याने निरांजने विझत होती आणि त्या पुन्हा लावत होत्या. भागी सर्वांच्या पुढे होती, कडेला नारळ, हातात कुंकू. गुरवाने ढोल गळ्यात घातला. ढोल बोलू लागला.

आणि नागो पाण्यात शिरला. एका हातात हातोडी, एका हातात खिळा. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले. हळदीचा दोरा वाऱ्यावर उडत होता.

शेवंती जवळ आली. आणि तिचा वास आला.

राळेचा वास नव्हता तो, तेलाचाही नव्हता. काळा, कडू, परका डांबराचा वास होता. नागोने वर पाहिले. फळ्या काळ्या होत्या. दोरांच्या गाठी अनोळखी होत्या. फुलाच्या पाकळ्यांवर काळा रंग थापलेला होता, आणि नौकेच्या काठावर टोपीकरांच्या टोप्या होत्या.

निशाण खाली आले. तोफांची तोंडे उघडली.

जी नौका परतली म्हणून ओवाळायला बाया उभ्या होत्या, तिनेच त्यांच्यावर आग ओकली. कुंकू वाळूत सांडले आणि मग ते कुंकू कुठले, हे सांगता येईना. ढोल थांबला, कारण गुरव थांबला. नागोचा मांडव पेटला, झापा उडाल्या, जळत्या पक्ष्यांसारख्या. भागीने खाली पडलेल्या एका पोरीला उचलायला हात पुढे केला आणि लाकडाची ढलपी तिच्या उजव्या पंजातून गेली.

नागो कमरेएवढ्या पाण्यात उभाच होता. खिळा त्याच्या मुठीत होता. मूठ इतकी आवळलेली होती की खिळ्याचे डोके तळहातात रुतले होते.

*

शेवंती गेली नाही. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून ती बसली. घराच्या उंबऱ्यावर कुत्रे बसावे, तशी. आणि ते कुत्रे आपलेच, पण धनी दुसरा.

मिठाचे पडाव, त्या मालवाहू होड्या, बाहेर जाईनात. तांदळाचे पडाव आत येईनात. कोळ्यांची जाळी वाळत पडली, होड्या उन्हाने तडकू लागल्या. कोट लांब होता. कोटातून निरोप आला तो एवढाच : तुमच्या तोंडाशी आहे, तुम्हीच पाहा.

लोक नागोसमोर काही बोलत नसत. पण तो विहिरीवर गेला की बोलणे थांबे. गुरवाच्या बायकोने एकदा कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "सुतारदादा, चांगली बांधलीस. पाण्यातनं काढली तरी तुटली नाय. थोडी वाईट बांधली असतीस तर माझा घो वाचला असता." ती कळशी उचलून गेली. नागोने पोहरा तसाच सोडला आणि तो तळाशी आपटल्याचा आवाज ऐकत उभा राहिला.

दाऊद आला तेव्हा नागो जळक्या मांडवाचे खांब उपटत होता.

"एक जुनी होडी दे," दाऊद म्हणाला. "सुक्या झापा भरू, राळ ओतू, पहाटेचा मतलई वारा धरून ओहोटीबरोबर सोडू. वारा आणि पाणी दोन्ही तिच्याकडंच जातात. तिला चिकटली की झालं."

"आणि खेचून आणली तर? रात्री चढून, माणसं कापून?"

"चढलो होतो ना आम्ही परवा. पाच गेलो, तीन आलो." दाऊद खाली बसला. "मीच हाकली रे तिला. वाऱ्याचं नाव काढलं की ती वळायची. मला काय हौस हाय? पण आज ती त्यांचं ऐकते, नागोदादा. ते म्हणतील तिकडं तोंड करते. उद्या दुसऱ्या गावात बाया तबकं घेऊन उभ्या राहतील. नाळेवर फूल हाय ना तिच्या."

नागोने खांब खाली ठेवला.

खाडीवरून वारा आला आणि त्यात डांबराचा वास होता. त्यांच्यामध्ये काथ्याचा तो लांब दोर पडला होता. एक टोक नागोच्या पायाशी, एक दाऊदच्या.

"होडी जुनी नको," नागो शेवटी म्हणाला. "जुनी भिजकी असते, धुमसत राहते. नवी देतो. सुकी."

त्याने होडी बांधली. जळायची होडी कोणी एवढ्या निगुतीने बांधत नाही. त्याने तिच्या फळ्या रंधल्या, कडा घासल्या, तळ सरळ केला, कारण तिला एकदाच जायचे होते आणि सरळ जायचे होते. दाऊदने झापा रचल्या. पोरांनी राळ कांडली. आणि मग पेटवण कमी पडले. झापा भडकतात नि विझतात. लाकूड पेटेपर्यंत धरून राहील असे काहीतरी हवे होते, तेल पिऊन दमाने जळणारे.

नागो आत गेला आणि चिमाची टोपली घेऊन आला.

पांढरे, घट्ट, एकसारखे पीळ. वर शीग होती, तशीच. भाद्रपदापासून कोणी हात लावला नव्हता. वरच्या पिळात चिमाचा एक लांब केस वळला गेला होता.

भागी दारात उभी होती, पंजा फडक्यात बांधलेला. "भावजी, ताईच्या हातचं शेवटचं हाय ते."

"म्हणूनच," नागो म्हणाला. "तिनं भरलेले सांधे हायत ते. तिचंच ऐकतील."

त्याने एक एक पीळ तेलात बुडवला, झापांमध्ये पेरला. केस त्याने काढला नाही.

*

पहाट फुटायची होती, पण पूर्वेला दुधाळ रेघ आली होती. मतलई वारा डोंगरावरून उतरला. थंड, माती आणि काजूच्या मोहोराचा वास घेऊन उतरला. ओहोटी लागली. दोघे होडीच्या दोन अंगांना पोहत होते, डोकी पाण्याबरोबर.

"तू नको येऊस," किनाऱ्यावर दाऊद म्हणाला होता.

"तू का येतोस?"

"मी हाकली."

"मी बांधली."

मग दोघेही आले.

शेवंती पुढे वाढत गेली. आधी सावली, मग आकार, मग भिंत. नाळेखाली आल्यावर नागोने वर पाहिले. उजेड फुलावर पडला होता. काळ्या रंगाचा एक पोपडा सुटला होता आणि त्याखाली एक पाकळी, सागाची, सोनेरी, उघडी होती.

त्याने हात वर केला. पोहोचला असता तर त्याने ती पाकळी शिवली असती. हात पोहोचला नाही. त्याच हाताने त्याने होडीची आकडी शेवंतीच्या नांगराच्या साखळीत अडकवली.

दाऊदने मडक्यातला निखारा टाकला.

झापा पेटल्या आणि कापूस पेटला. झापा संपल्या, कापूस संपला नाही. तो दमाने जळत राहिला, निळा, पिवळा, निळा. फळीवरून फळीवर चढला, डांबराला भिडला, आणि शेवंती पेटली. शिडे एका श्वासात गेली. वर आरडाओरड झाली, टोप्या पाण्यात पडल्या, एक तोफ आपोआप उडाली आणि तिचा गोळा रिकाम्या समुद्रात गेला.

दोघे कांदळवनाच्या मुळ्यांना धरून उभे राहिले. पाणी लाल होते, धूर काळा होता, आभाळ हळूहळू पांढरे होत होते. शेवंती कडकडत होती. तिच्या एकेका फळीचा आवाज नागो ओळखत होता. दाऊदने त्याच्याकडे डावा कान केला. ऐकायचे नसले की तो तसे करी.

नाळ शेवटी पडली. पडताना पाण्याला टेकली आणि एक लांब सुस्कारा झाला. मग धूर राहिला, मग वाफ राहिली, मग सकाळ.

तेव्हा नागो रडला. भाद्रपदाचे, मार्गशीर्षाचे, फाल्गुनाचे, सगळे एकदम. दाऊद शेजारी उभा राहिला आणि खेकड्यांना हाकलत राहिला.

*

सायवेळचे पडाव सुटले. मीठ बाहेर गेले, तांदूळ आत आला. गुरवाच्या बायकोने एक दिवस नागोच्या ओटीवर फणस आणून ठेवला आणि काही न बोलता गेली.

खाडीच्या तोंडाशी, वाळूत, पाण्याखाली, शेवंतीचे उरलेले होते. पाण्यावरचे जळाले होते. पाण्याखालचे जळत नाही. नागो बुडी मारून आला. नौकेचा सगळ्यांत खालचा वासा, सारी नौका जिच्यावर उभी राहते ती पाठ, शाबूत होती. तिच्या दोन अंगांच्या खालच्या फळ्याही होत्या.

"वर काढू," तो म्हणाला.

या वेळी त्याला कोणी हसले नाही. दोर होता, एवढा लांब दोर उभ्या किनाऱ्यावर कोणाकडे नव्हता. कोळ्यांनी होड्या आणल्या, मिठागरकऱ्यांनी पडाव आणले. ओहोटीला त्यांनी पोटाखालून दोर घातला, ताणून बांधला, आणि थांबले.

"टोपीकरांची युगत," कोणीतरी पुटपुटले.

"दर्याची युगत," दाऊद म्हणाला. "त्यांनी उसनी घेतली, आपण उसनी घेतली. दर्यानं कुणाकडं मागितलीय परत?"

भरती आली. होड्या चढल्या, होड्यांबरोबर दोर चढला, आणि दोराबरोबर, पाण्याखालून, शेवाळ निथळत, ती चढली. काळीठिक्कर. शिंपल्यांनी भरलेली. बायका काठावर होत्या. तबके कोणी आणली नव्हती. पण भागीने डाव्या हाताने जरासे कुंकू ओल्या लाकडाला लावले.

चिखलावर ओढून घेतल्यावर नागो तिच्यावर वाकला. सांध्यांवर शत्रूचे डांबर थापलेले होते, कडक होऊन तडकलेले. त्याने पटाशीच्या टोकाने एक पोपडा उचलला. खाली राळ होती. राळेखाली कापूस होता.

पांढरा होता. बुडाला होता, उचलला गेला होता, परक्याच्या तोफा वाहून आला होता, आगीखालून गेला होता. आणि आत, राळेच्या पापणीखाली, तो काल वळल्यासारखा पांढरा होता. घट्ट. एकसारखा.

नागोने पोपडा परत जागी दाबला आणि वर नवी राळ भरली. त्या सांध्यांना त्याने पुन्हा हात लावला नाही.

पावसाळाभर नव्या मांडवाखाली काम चालले. जुन्या पाठीवर नव्या फासळ्या उभ्या राहिल्या, नव्या फळ्या चढल्या. वरचे सांधे भरायला भागी बसली. उजवा पंजा मिटत नव्हता, तिने डाव्या हाताने वळायला घेतले. पहिले पीळ वाकडे झाले. तिने उसवले, पुन्हा वळले. "ताई बघत असती तर टोपली डोक्यावर उपडी केली असती," ती म्हणाली, आणि नागो हसला. कितीतरी काळाने हसला, आणि त्याचे त्यालाच नवल वाटले.

दाऊद फासळीवर पाय सोडून बसे आणि खोडी काढी. "खिळा ठेवायला बायको लागते, नागोदादा. रीत हाय. कोटाच्या वाटेला एक विधवा हाय, मासळी बरी करते."

"तू कर लगीन तिच्याशी. उजवा कानपण जाईल."

नाळ नवी बसली. तिच्यावर नागोने शेवंतीचे फूल कोरले. पहिल्यापेक्षा एक पाकळी त्याने कमी ठेवली. का, ते कोणी विचारले नाही. नाळेच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या पुष्कळ वर, एक भोक पाडले आणि रिकामे ठेवले.

नवा खिळा घडवायला तो लोहाराकडे गेला नाही. देव्हाऱ्यात होता तोच होता. त्याचा दोरा समुद्राच्या पाण्याने आणि नागोच्या हाताच्या रक्ताने तपकिरी झाला होता. तो त्याने सोडला नाही. भागीने त्यावर हळदीचा नवा दोरा बांधला, डाव्या हाताने, गाठ सुटली की पुन्हा, नीट बसेपर्यंत.

आश्विनात शेवंती पाण्यात गेली. ढोल गुरवाच्या पोराने वाजवला. दाऊदने सुकाणू धरले, चांगला कान वाऱ्याकडे केला, आणि ती वळली.

आता मार्गशीर्ष आहे. सायवेळच्या खाडीवर धुके उतरते, धुक्याखाली पाणी निजते, कांदळवनाच्या रेघेवर बगळे उभे राहतात. नागो सकाळी मांडव झाडतो, दुपारी रंधा धरतो, ओहोटीला सोंडेवर चढतो. चूल रोज पेटते. विहिरीकाठी शेवंती फुलली आहे. त्यातले एक फूल तो देव्हाऱ्यात ठेवतो, खिळ्याशेजारी, आणि शिळे झाले की काढून दुसरे ठेवतो.

आलेल्या प्रत्येक शिडाकडे तो पाहतो, पुरे आहे की अर्धे.

शेवंती अजून समुद्रावर आहे. खिळा मारायचा राहिला आहे.